लवकरच रिकामी होणारी कोठी

चंदीगडजवळच्या झिरकपूरचे ते प्रॉपर्टी डीलर प्रत्येक वाक्याला ‘जी’ जोडायचे, आणि रिकामं घर दाखवतानाही चपला बाहेर काढायचे. नवऱ्याची चंदीगडला बदली झाली तेव्हा घर त्यांनीच शोधून दिलं. मी वेबसाइट बनवायला शिकले होते, म्हणून त्यांची साइट सुधारायचं काम माझ्याकडे आलं.

लोकांनी साइट बघावी म्हणून मी फोटो टाकले आणि एका कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘लवकरच रिकामी होणार’. फोन वाढले. एक गिऱ्हाईक तर थेट कोठीवरच गेलं. तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना, परदेशातल्या मुलांनी घर विकायला काढलंय, हे त्याच्याकडून कळलं. मुलांनी आईला सांगितलं असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

डीलर मला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले.

“माताजी, वो लाइन मैंने लिखवाई थी. माफ कर दीजिए.”

बाईंनी एवढंच विचारलं, “कब तक खाली करना है?”

“मैं तो नहीं बिकवाऊँगा जी.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “लाइन तो मैंने लिखी थी.”

“साइट मेरी है जी,” ते म्हणाले, आणि त्यांनी ती कोठी आजच साइटवरून काढायला सांगितली.