टर्बो गाडीतली हिरव्या पट्ट्याची कांडी

चहा घ्या, बसा, आणि माझी इज्जत पूर्ण जाईपर्यंत कोणी उठू नका.

गाड्यांची मासिकं मी फक्त चित्रांसाठी बघायचो. पण कुणाचं बोनेट उघडं दिसलं की जाऊन गंभीरपणे मान हलवायची सवय होती. तेवढ्यावर घरच्यांनी मला इंजिनिअर करून टाकलं.

माझा चुलतभाऊ महेशदादा. त्याने जागा गोडाऊनला भाड्याने दिली आणि त्या पैशात सेकंडहँड जपानी टर्बो गाडी आणली. कशाला? कशेळीची मुलगी आवडली होती ना! मुलीचे वडील तात्या, भिवंडीत त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे माग. ते काही केल्या 'हो' म्हणेनात. म्हणून रविवारी गाडी घेऊन होकार आणायला जायचं ठरलं.

आता टर्बोची एक गंमत असते. रेस दिली की तो इंजिनात हवा दाबून भरतो, आणि थोडा दाब निसटून इंजिनाच्या पोटात उतरतो. पोटात गॅस झाला की आपण काय करतो? तेच! त्यासाठी इंजिनाला एक पाईप असतो. दादाच्या गाडीत तो बोनेटखाली उघडाच सोडलेला. जळक्या ऑइलचा वास सरळ गाडीत.

काकीने, म्हणजे दादाच्या आईने, नाकाला पदर लावला. "या वासात मी पोरीच्या दारात जायची न्हाय!"

"काकी, दोन मिनिटं."

चहाच्या टपरीवर बाकड्याखाली एक कांडी पडली होती. लूमवर सूत गुंडाळायची लाकडी कांडी हो, भिवंडीत कुठेही सापडते. पाईपात अशी घट्ट बसली, जणू जपानवाल्यांनी तिचंच माप घेतलं होतं. बुडाला हिरवा पट्टा. दिसायलाही छान!

वास बंद. काकीने माझ्यावरून बोटं मोडली.

कशेळीपर्यंत ट्रकांच्या मागे पहिला गिअर, दुसरा गिअर. टर्बोला जाग यायची सोयच नव्हती. इंजिन बिचारं पोट धरून गप्प.

तात्यांचा मूड खराब. "माझ्या कांड्या चोरतंय कोणीतरी. एकेकीला माझा रंग मारलाय मी. चोर गावू दे, त्याला लुमावरच चढवतो!"

मी चकली खात होतो. काहीही खटकलं नाही. इंजिनिअर ना!

मग तात्या गाडी बघायला आले आणि पांढऱ्याशुभ्र शर्टात उघड्या बोनेटवर वाकले. "रेस दे जरा."

दादाने दिली.

"अजून दे रं! घाबरतो कशाला?"

ठॉप्!

कांडी तात्यांच्या छातीवर. मागोमाग काळ्या ऑइलचा फवारा. तात्यांनी कांडी उचलली, शर्टाला पुसली. शर्टाचं आता काय राहिलं होतं?

"ही माझी कांडी."

"न्हाय तात्या," मी म्हणालो, "जपानी पार्ट हाय तो."

"जपानात माझा हिरवा पट्टा कोण मारतो रं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत वरात उलटी जात होती. देवाशप्पथ सांगतो, पुढचं मी नाही, माझं तोंड बोललं.

"तात्या, आमच्यात रीत हाय. होकाराला जाताना मुलीच्या घरची कांडी इंजिनात घालून आणायची. ती स्वतः उडून बापाच्या छातीला लागली तर जोडा पक्का."

काकीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "माझ्या सासूच्या वेळेपासून हाय."

सासूच्या वेळी बैलगाडी होती हो!

तात्यांचे डोळे भरले. "आणि मी चोर समजलो! आजकाल रीत पाळतो कोण?" होकार जागेवर मिळाला. वर गोणीभर कांड्या डिकीत. "एकच कशाला?"

लग्न झालं, पण रीत काही थांबेना. दोन्हीकडच्या नात्यात कांडीशिवाय नवऱ्याची गाडी निघेना. खरं सांगायची सोय होती का? दादाचा संसार त्या कांडीवर उभा!

मग माझं लग्न ठरलं. सासुरवाडी गणेशपुरीची, भातशेतीवाली. त्यांच्याकडे कांडी कुठली? तात्यांनी मुद्दाम आपली पाठवली. हिरव्या पट्ट्याची.

निघायच्या वेळी बघतो तर काकी हळदकुंकू लावून ती माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये, धूर सोडायच्या नळीतच, ठोकतेय. दगडाने!

"काकी, नको! ही रीत मीच काढली, खोटी हाय ती!"

"गप रं!" काकी खरोखर चिडली. "माझ्या सासूच्या वेळेची रीत. तुला काय कळतंय?"

मंडपात मी वेळेवर पोचलो. भाड्याच्या खुर्च्यांच्या टेम्पोत, खुर्च्यांवर बसून.