जाऊबाई दमल्या तेव्हा

माझी थोरली जाऊ काय काम करते, हे मला माझ्या माहेरच्यांना आजवर नीट सांगता आलेलं नाही. कॉलेजच्या मुलांमध्ये काम करतात, असं म्हटलं की विचारतात, "शिकवतात का?" नाही. "मग मेस चालवतात?" नाही. "लग्नं जुळवतात?" तेही नाही, मोडायला निघालेली दोन-चार सावरलीत, एवढंच. शेवटी मी म्हणते, चर्चचं काम आहे. मग सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो.

आमचं घर अरुंद आणि उंच. खाली थोरल्या दिरांचं चष्म्याचं दुकान, त्याच्या मागच्या खोल्यांत आम्ही, पहिल्या मजल्यावर ते दोघं, आणि सगळ्यात वर गच्चीला लागून एक लांबट खोली. त्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, एक पांढरा फळा आणि चहाचं एक अवाढव्य पातेलं. दर शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजची मुलंमुली तिथे जमायची. गाणी व्हायची, शास्त्रपाठ व्हायचा, प्रार्थना व्हायची. पण खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. सगळे चपला घालून निघाले की एखादी मुलगी उगाचच पायात चप्पल सरकवत दाराशी घोटाळायची. जाऊबाईंना ते बरोबर कळायचं. त्या नुसतं म्हणायच्या, "बस गं, चहा उरलाय." मग रडणं, मग सगळं.

त्या मुळात नर्स. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मोठ्या दवाखान्यात नोकरीला होत्या. एकदा त्यांच्या वॉर्डात कॉलेजची एक मुलगी आली. परीक्षेत नापास झाली म्हणून तिने काहीबाही गिळलं होतं. जीव वाचला, पण भेटायला कोणी आलं नाही. घरच्यांना लाज वाटली आणि मैत्रिणींना भीती. जाऊबाई ड्यूटी संपल्यावर तिच्यापाशी बसायच्या. उठायला लागल्या की ती विचारायची, "उद्या येणार ना?" त्या मुलीच्या मागोमाग जाऊबाई तिच्या होस्टेलवर गेल्या, आणि एकदा गेल्या त्या जातच राहिल्या. पुढे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळीतर्फे हे काम पूर्णवेळ कराल का? त्यांनी नोकरी सोडली. माझ्या सासूबाईंनी डोक्याला हात लावला होता. दीर एवढंच म्हणाले, "माझं दुकान आहे. लोकांचे डोळे जोवर अधू आहेत, तोवर आपण उपाशी मरत नाही."

सुरुवातीला मुलं त्यांना ताई म्हणायची. मग केस पिकायला लागले आणि त्या मावशी झाल्या. एकदा पहिल्या वर्षाची एक चिमुरडी पटकन "आजी" म्हणून गेली आणि जीभ चावली. जाऊबाई हसल्या, पण खाली येऊन मला म्हणाल्या, "बढती मिळाली बघ."

त्यांना स्वतःचं मूल नाही. त्या त्याबद्दल बोलत नाहीत. लोक मात्र बोलतात, की म्हणूनच एवढी पोरं गोळा केलीत. त्यांच्या कानावर आलं तेव्हा म्हणाल्या, "घरात एक असतं तरी ही आलीच असती. फक्त पातेलं आणखी मोठं घ्यावं लागलं असतं."

असं सगळं छान वाटतं सांगायला. पण मी त्याच घरात राहते, त्यामुळे मला दुसरी बाजूही दिसायची. कॉलेजचं काम म्हणजे दर वर्षी पाटी कोरी. एका तुकडीला जीव लावायचा, तिची भांडणं सोडवायची, तिच्या शंका ऐकायच्या, आणि ती जरा माणसात आली की तिला निरोप द्यायचा. मग नवी तुकडी, आणि पुन्हा तेच प्रश्न. देव चांगला आहे तर माझी आई का गेली? मला आवडलेला मुलगा घरी चालणार नाही, काय करू? मला हा कोर्स घ्यायचाच नव्हता. प्रत्येकाला वाटतं, हा प्रश्न जगात आपल्यालाच पडलाय, आणि जाऊबाईंनाही तो पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकावा लागतो. गेलेली मुलं पहिले काही महिने फोन करतात. मग त्यांना नोकरी लागते, लग्न होतं, आणि फोन थंडावतो.

मागच्या काही वर्षांत त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. होस्टेलचे जिने चढून आल्या की खालच्या पायरीवरच बसायच्या. गाण्यांच्या वेळी ओठ हलायचे, आवाज निघत नसे. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "अगं, प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते. पोरांना वाटतं, मावशी किती तल्लीन झाल्यात." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

या सगळ्यात त्यांचा मोठा आधार म्हणजे गिटारवाला. शेवटच्या वर्षाचा मुलगा, उंच, जरा वाकून चालणारा. गाणी तो बसवायचा, खुर्च्या तो मांडायचा, बुजऱ्या नव्या मुलांना दारातून आत तो आणायचा. जाऊबाई म्हणायच्या, "हा आहे म्हणून मी उभी आहे." आम्हालाही तो घरचाच वाटायला लागला होता. दिरांनी त्याला नवी फ्रेम बसवून दिली तेव्हा म्हणाले होते, "आता तरी सरळ चालशील."

एका दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. हाताच्या नखांत वाळलेला रंग, शर्टावर पांढरे ठिपके. घरं रंगवायचं काम करणारे. दिरांनी विचारलं, "जवळचा की लांबचा?" ते म्हणाले, "चष्मा नको. मला त्या मावशींना भेटायचंय. गिटार वाजवतो ना, त्याचा बाप मी."

मी त्यांना वर जाऊबाईंकडे घेऊन गेले आणि पाणी दिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "खरं सांगायचं तर मी तुमच्याशी भांडायलाच आलो होतो. पण जिना चढता चढता दमच गेला."

मग त्यांनी सांगितलं. कॉलेजातून त्यांना बोलावणं आलं होतं. मुलगा आदल्या वर्षी नापास झाला होता आणि या वर्षी तर बरेचसे वर्ग त्याने पाहिलेच नव्हते. घरी सांगायचा, सगळं ठीक चाललंय. त्यांना संशयही आला नाही.

"तो म्हणायचा, मावशी आहेत ना इथे," ते म्हणाले. "मला वाटलं, बरं झालं. आपण लांब, पण कोणीतरी बघतंय. बाई, तुम्ही बघत होता ना?"

ते टोचून बोलले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "नाही. बाकी सगळ्यांकडे बघत होते. त्याच्याकडे नाही बघितलं."

ते गृहस्थ उठले. जाताना त्यांनी नमस्कार केला आणि तोच जाऊबाईंना जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुम्ही इतक्या दमलेल्या असायच्या, मावशी. त्यात माझी आणखी एक भर कशाला?"

"अरे, पण मी त्यासाठीच आहे ना!"

"इथे सगळे आपापली अडचण घेऊन येतात. मीही तेच केलं असतं तर खुर्च्या कोणी मांडल्या असत्या?"

मी उरलेले कपडे तसेच बादलीत ठेवून खाली आले.

संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "माझ्यासाठी प्रार्थना कर जरा," म्हणाल्या. "मला येत नाहीये." मी चारचौघांत कधी प्रार्थना म्हटलेली नाही. हात कणकेत होते. तशीच उभी राहून मी म्हटलं, देवा, आमच्या ताई फार दमल्यात, त्यांना थोडं सांभाळ. पुढे काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून आमेन म्हणून टाकलं. त्या ओट्याला टेकून रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि नुसती जवळ उभी राहिले.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे गिटारवाल्याला शुक्रवारची बंदी केली. "गाणी बेसूर झाली तरी चालतील," त्या म्हणाल्या. "तू सकाळी पुस्तकं घेऊन यायचं. क्लास असला की क्लासला जायचं, नसला की इथे." मग तो वरच्या खोलीत अभ्यासाला बसायचा आणि त्या शेजारी शिवणकाम घेऊन बसायच्या. त्यांना त्याच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. मध्येच त्याचा डोळा लागायचा, मध्येच त्यांचा. दीर वर डोकावून आले आणि मला म्हणाले, "दोघं मिळून घोरतायत. पास होणार बघ."

दुसरी गोष्ट अवघड होती. त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. सोबतीला मला नेलं. म्हणाल्या, "साहेब, मला काम थांबवायचंय."

पाळकसाहेब दचकले. "तब्येत बरी नाही का? डॉक्टरांना दाखवलंत?"

"मी नर्स आहे. आजार कुठला आणि थकवा कुठला ते मला कळतं. मी आजारी नाही, दमलेय."

"पण मंडळीला काय सांगू? एवढं चांगलं चाललेलं काम..."

"चांगलं चाललं नव्हतं. खुर्च्या भरल्या होत्या. मंडळीला सांगा, बाई दमली."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "मलाही कधी तरी असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी अडवलं नाही. शुक्रवारचं काम त्यांनी मंडळीतल्या एका तरुण जोडप्याकडे सोपवलं आणि ती बैठक चर्चच्या मागच्या सभागृहात भरायला लागली. काही मुलं तिकडे गेली, काही गळली. गळलेल्यांची नावं जाऊबाई कधी कधी भाजी चिरताना घ्यायच्या, पण मागे धावल्या नाहीत.

पहिले काही आठवडे त्या नुसत्या झोपल्या. दुपारी झोपायच्या, उठून चहा घ्यायच्या आणि पुन्हा आडव्या व्हायच्या. दीर घाबरले. मी म्हटलं, झोपू द्या, इतक्या वर्षांची झोपेची बाकी वसूल होतेय.

गिटारवाल्याचा निकाल लागला तेव्हा काही विषय सुटले, एक राहिला. तो पुढच्या खेपेला सुटला. पेढे वाटण्यासारखं काही नव्हतं, पण त्याचे वडील आले, आणि दिरांनी त्यांना बळेच बसवून डोळे तपासले. चष्मा लागलाच होता. मुलाला पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी मिळाली, दूरच्या गावी. अधूनमधून त्याचा फोन येतो. चर्चला फारसा जात नाही म्हणतो. जाऊबाई ते ऐकून घेतात आणि विचारतात, जेवतोस का वेळेवर? मी एकदा म्हटलं, "ताई, वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटतं की. पण आता तो मला खरं सांगतो."

त्या पूर्वीसारख्या झाल्या, असं म्हणता येणार नाही. गुडघे तसेच आहेत, चेहऱ्यावरचा शीणही पुरता गेलेला नाही. मोठ्या बैठका त्या घेत नाहीत, होस्टेलवर मात्र कधीमधी एखादीला भेटायला जातात. वरच्या खोलीतल्या बहुतेक खुर्च्या सभागृहात गेल्या. आता तिथे एक टेबल आहे, आणि ज्याला यायचं तो विचारून येतो.

परवा एक मुलगी आली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची. डोळे सुजलेले. जाऊबाई नुकत्याच होस्टेलवरून परतल्या होत्या, पाय गरम पाण्यात सोडून बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचा चेहरा नीट न्याहाळला, दोन-चार गोष्टी विचारल्या.

मग म्हणाल्या, "हे बघ, आज माझ्यात त्राण नाही. अर्धवट ऐकेन आणि तुला ते कळेल. उद्या सकाळी येशील? तोवर एकटी राहू नकोस, मैत्रिणीकडे झोप."

मुलगी गोंधळली. मलाही वाटलं, ही आता परत येत नाही. पण सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा ती मैत्रिणीला घेऊन दारात उभी होती. मी त्यांना वर पाठवलं आणि चहाचं आधण ठेवलं.