गुरुवारची फेरी

जुन्या इंदूरच्या त्या गल्लीत माणुसकीचा एवढा सुकाळ आहे की मधुरिमा खेरला कधीकधी गुदमरायला होतं. ती शाळेत गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात धाकट्या भावाला, मालोजीला, सांभाळते. मालोजीला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू असल्या की माणूस अगदी सरळ, गल्लीतल्या पुष्कळ शहाण्यांपेक्षा बरा. फक्त एकट्याने बाहेर पडायची त्याला धास्ती वाटते.

डॉक्टर म्हणाले, हे एकट्या बहिणीचं काम नाही, समाजानेही हातभार लावायला हवा. झालं! मराठी मंडळींनी ते फारच मनावर घेतलं. आधी समिती झाली, मग समितीचं बॅनर झालं, मग बॅनरसमोर फोटो झाले. एवढं सगळं उरकल्यावर कुणाला तरी मालोजीची आठवण झाली. ठरलं असं की अध्यक्षांनी, म्हणजे वीज मंडळातून निवृत्त झालेल्या बाळकृष्णजींनी, दर गुरुवारी संध्याकाळी त्याला फिरवून आणायचं.

सुरुवातीला बाळकृष्णजी खरोखरच यायचे. दोघं चौकापर्यंत जात, कचोरी खात, परत येत. गुरुवार आला की मालोजी दुपारपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दाराशी बसे. पुढे अध्यक्षांचा व्याप वाढला. समाजाने मनोरुग्णांना कसं जपावं यावर त्यांना ठिकठिकाणी बोलायला जावं लागे. मग जपायला वेळ कुठून आणणार बिचारे?

अशात समितीने मधुरिमाचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं भाषण. वार नेमका गुरुवार. तिने फोन केला तर बाळकृष्णजी म्हणाले, "ताई, टेन्शनच नका घेऊ. आधी मालोजीला घुमवून आणतो, मग हॉलवर येतो. एकदम पक्का!" ती बापडी निर्धास्त होऊन शाळेतून थेट चौकातल्या हॉलवर गेली.

भाषण रंगात आलं होतं. "या लोकांना आपण आपल्यात सामावून घेतलं पाहिजे," असं बाळकृष्णजी म्हणत होते आणि मागचं दार उघडलं. दारात मालोजी. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो एकटा रस्त्यावरून चालत आला होता. तो सरळ स्टेजपाशी गेला.

"काका, मी केव्हाचा तयार बसलोय. चलायचं ना?"

एक कार्यकर्ता धावला. "भिया, प्रोग्राम चालू आहे, बाद में या!"

बाळकृष्णजींनी माइकवरूनच गोड आवाजात सांगितलं, "मधुरिमाताई, याला जरा घरी सोडून येता का? मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, लोक डिस्टर्ब होतात."

मधुरिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते संतापाचं होतं. मालोजीने मात्र समजूतदारपणे मान डोलावली.

"मग पुढच्या गुरुवारी, काका?"

ते तिला सहन होईना. ती तरातरा स्टेजवर चढली आणि तिने माइक काढून घेतला.

"पुढच्या नाही, आत्ताच. जा तुम्ही. उरलेलं भाषण मी करते. इतकेदा ऐकलंय की पाठच झालंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या लोकांदेखत नाही म्हणायची सोय उरली नव्हती. बाळकृष्णजी कसेबसे खाली उतरले. बाहेर ऑफिसं सुटायची वेळ, गाड्यांची ही झुंबड. बाळकृष्णजी रस्त्याच्या कडेलाच घुटमळले, तसा मालोजीने त्यांचा दंड धरला.

"सावकाश, काका," तो म्हणाला. "घाबरू नका. मी आहे ना."