घरातल्या वस्तूंचे फोटो

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात थोडाफार सावरला, शब्द मात्र गेले. उरला एकच, 'फाटा'. नोकरीची सगळी वर्षं हे देवगाव फाट्यावर उतरून पुढच्या गावात शिकवायला जायचे, म्हणून असेल. चहा हवा असला तरी फाटा, पाठ दुखली तरी फाटा. मराठी शिकवणारा माणूस.

वाचेवर उपचार करणाऱ्या परभणीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातल्या वस्तूंचे फोटो काढा, मोठे छापून आणा. रोज दाखवून नावं विचारा."

मी मोबाइलवर काढले. फुलाफुलांच्या चादरीवर कप, कुलूप, कंगवा. ह्यांनी कपाकडं पाहिलं, ओठ जुळवले, "फाटा." मला वाटलं, फोटोच वाईट आलेत. चादरीच्या फुलांत कप दिसतोय कुठं?

फोटो छापून देणाऱ्या स्टुडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, फ्लॅश बंद करा. वस्तू खिडकीपाशी ठेवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा करा, सावली फिकी होती. अन् उभ्यानं काढू नका, वस्तूच्या उंचीला बसा."

बसले. ह्यांचं पांढरं धोतर खिडकीखाली अंथरलं, मागं भिंतीवर चढवलं. कपाचा कान बाजूला वळवला की कप ओळखू येतो, हे कळलं. स्टीलचा तांब्या सगळ्यांत अवघड. त्यात खिडकी दिसायची, मोबाइल दिसायचा, मी दिसायची. मग खिडकीला पातळ पंचा बांधला, मोबाइल डब्यांना टेकवला, टायमर लावून बाजूला झाले. तांब्या असा आला की उचलून पाणी प्यावं.

"अहो, हे काय आहे? तां..."

"फाटा."

"तांब्या म्हणा."

त्यांच्या कपाळावर घाम यायचा. शब्द चुकला हे त्यांना कळायचं. मी म्हणायची, "चमक जास्त झाली फोटोत," आणि पुन्हा काढायची.

एका सकाळी हे उठले, पाय ओढत स्वयंपाकघरात गेले, खरा तांब्या आणून फोटोशेजारी ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिले. वस्तू त्यांना पहिल्यापासून कळत होती. फोटोचा काही दोषच नव्हता. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

शेजारीण छापलेले फोटो बघून म्हणाली, "लय भारी काढायल्यात की तुमी! कुठं तरी पाठवा." मी हसले.

गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "आता शब्द परत येतील असं मला वाटत नाही. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

घरी आलो. वाटेत घेतलेला पेरू मी खिडकीत ठेवला. तिरपा, मऊ उजेड पडला होता त्याच्यावर, सावलीसुद्धा हवी तशी. मी तो चिरला, मीठ लावलं आणि ह्यांना एकेक फोड भरवली. ह्यांनी सगळा खाल्ला. 'हे काय आहे?' असं मी विचारलं नाही.