गिरगाव ते दादर, व्हाया बाबांचा रुसवा

सिनेमातला विनोदी नट गजा तुळसकर आणि माझे बाबा लालबागच्या एका मिलमध्ये शेजारशेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणायचे. तिथे खडखडाट एवढा की माणसं आवाज न काढता, ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायची. गजाने तेच सिनेमात केलं नि अख्खा महाराष्ट्र हसला. बाबा म्हणाले, "आमची टिंगल करून तो मोठो झालो," आणि चाळीस वर्षं बोलणं टाकलं. आता दोघंही ऐंशीपार. अजून कसली वाट बघायची? रविवारी टॅक्सी ठरवली, बाबांना आत कोंबलं.

"माका खंय व्हरतंस गो?"

"मुंबई दाखवायला."

"लालबागच्या माणसाक?"

आधी गिरगाव, गजाची जन्मचाळ; बाबांना मात्र ते सांगितलं नाही. नऊच्या आत जा, नंतर गाडी लावायला जागा नाही. इथल्या गणपतीत त्याने पहिलं काम केलं, द्वारपालाचं. वाक्य एकच, तेही विसरला. लोक हसले आणि याला चटक लागली. खालच्या बाई आम्हाला बघून म्हणाल्या, "जिना तुटलाय. फोटो काढा नि सटका."

लालबागला मिलच्या जागी काचेचा टॉवर. वॉचमनने हटकलं, "किससे मिलना है?"

बाबा म्हणाले, "साच्याक."

तिथे बघण्यासारखं काही नाही, उगाच उतरू नका. त्यापेक्षा परळला खानावळीत साडेबाराच्या आत पोचा. बांगडा फर्मास, सोलकढी पाणचट.

दादरला गजाच्या दारात आल्यावर बाबांना खरं सांगितलं. ते तिथेच पायरीवर बसले. "माका नाय येवचा."

"बाबा, लोक बघतायत. उठा!"

तेवढ्यात गजाच्या सुनेने दार उघडलं. आत खुर्चीत गजा. आता बाबांपेक्षाही बहिरा. त्याने बाबांना ओळखलं, तोंडातून शब्द नाही, फक्त ओठ हलवले आणि बोटं नाचवली. सिनेमात करायचा तसंच. म्हटलं, झालं, आता परत चाळीस वर्षं.

बाबा ताडकन उठले, आत गेले, त्याचं मनगट धरलं. "धागो तुटलो तर हात असो करतत! चाळीस वर्सां चुकीचो दाखवतंस, लाज नाय वाटणा?"

"मगे तू सांगूक इलंस खंय?" गजा म्हणाला.

पुढचा दीड तास दोघांच्या तोंडून आवाज नाही. नुसते ओठ, भुवया, बोटं, आणि मधेच मांडीवर थाप. मी नि सून दोनदा चहा प्यायलो. मला एक अक्षर कळलं नाही.

घरी आल्यावर हिशेब मांडला. गिरगाव वगळलं तरी चालेल, लालबाग तर नकोच. पण मला राहवेना. बाबांच्या कानाशी ओरडले, "मग टिंगल होती की नव्हती?"

"टिंगल खंयची? त्येका तेवढाच येता."

पुढच्या रविवारी टॅक्सी सांग म्हणालेत. थेट दादर.