ज्याला भेटलो, तोच सभासद

दत्ताभाऊ गेल्याचं मला पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून कळलं. सकाळी ऑफिसला निघालो होतो. संदेशात नेत्यांचे चेहरे मोठे, भाऊंचा फोटो अंगठ्याएवढा आणि खाली सभासद नोंदणीची लिंक. एक बूट पायात, एक हातात, तसाच बसून राहिलो. दुःखाच्या आधी राग आला, हे कबूल करतो.

मी बी.ए. होऊन औशाहून मुलुंडला आलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. दत्ताराम पेडणेकर, म्हणजे दत्ताभाऊ, औषध कंपनीतून निवृत्त झालेले मालवणकडचे गृहस्थ, आमच्या पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष होते. त्यांनी मला कार्यालयाच्या पोटमाळ्यावर सहा महिने राहू दिलं आणि बदल्यात सभासदांची यादी सुवाच्य लिहून मागितली. यादीत निम्मे लोक वारलेले किंवा बदलापूरला गेलेले! पुढे पक्ष सलग दोनदा हरला आणि वरून आदेश आला, तळापासून पुन्हा बांधणी करा. भाऊंनी तो आदेश खरा मानला. त्यांची चूक एवढीच.

त्यांचा नियम होता, घरी जाऊन ज्याला भेटलो तोच सभासद. दर रविवारी आम्ही दोघं इमारती चढायचो. एखाद्या घरी गळक्या टाकीची तक्रार ऐकत ते तासभर बसत. मी वैतागायचो. “भाऊ, अजून अठरा घरं राहिलीत.” “पळान जातत काय ती?” ... असं वर्षभर चालल्यावर जेमतेम दोनशे सभासद झाले. जिल्हा कार्यालयाने कळवलं, महिनाअखेर चारशे करा, नाहीतर वॉर्ड दुसऱ्याला देऊ.

मी घाबरलो. भाऊंचं पद जाईल, या एकाच भीतीने मी त्यांना न सांगता एका टॉवरच्या रहिवाशांची यादी मिळवली आणि नावं पक्षाच्या नोंदणीच्या ॲपवर चढवली. वरून कुणी काही विचारलं नाही, उलट अभिनंदन आलं. भाऊ मात्र रविवारी नव्या सभासदांना भेटायला मला घेऊन तिथे गेले. पहिल्याच दारात एक बाई भडकल्या. “आम्ही कधी झालो सभासद? अहो काका, आमचे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत! नोकरी घालवताय का त्यांची?”

जिन्यात भाऊ माझ्याकडे वळले. रागावले की ते मालवणीत बोलत. “तुका माणसां व्हयीत की आकडो?”

“भाऊ, तुमचं पद वाचावं म्हणून केलं.”

“मग पद तू ठेव. चल, आता माफी मागूया.”

चौसष्ट दारं. प्रत्येक दारात ते म्हणाले, “चूक आमची झाली.” माझं नाव एकदाही घेतलं नाही. ती नावं काढायचं पत्रही त्यांनी स्वतःच दिलं. पंधरवड्यात वॉर्ड गेला. दोन दिवसांत बाराशे नावं चढवणारा एक जण अध्यक्ष झाला. मी चिडून म्हणालो, “सोडा ना हा पक्ष!” तर म्हणाले, “पक्ष काय भाड्याची खोली आहे रे, मालकाशी पटलं नाही की सोडायला?” आणि पुढच्या रविवारी, पद नसताना, पुन्हा जिने चढायला लागले. त्यांच्या या हट्टाचा मला आजही राग येतो.

शोकसभेत नव्या अध्यक्षांनी जाहीर केलं, दत्ताभाऊंच्या स्मरणार्थ आठवड्यात हजार सभासद! टाळ्या वाजल्या. मला राहवलं नाही. “यातल्या कितींना भेटणार आपण?”

“अरे यार, शोकसभा आहे ना,” मागून कुणीतरी म्हणालं. “इथे तरी सोड!”

“मग मला एक इमारत द्या. मी घरोघर जाऊन करतो.”

अध्यक्ष हसले. “एका इमारतीत असे किती होणार रे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

रविवारी स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत एकटाच गेलो. बेल वाजवली की भाऊ दोन पावलं मागे सरकून उभे राहत. आतल्या माणसाला दाराच्या भिंगातून आपण पूर्ण दिसलो पाहिजे, म्हणत. नुसतं नाक दिसलं तर कोण दार उघडेल? तळमजल्यावरच्या पहिल्या दाराची बेल वाजवली. आत चपला ओढत कुणीतरी येत होतं... मी दोन पावलं मागे सरकलो.