बंद गाडीतलं प्रेशर

मंडळी, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवंना.

काल डॉक्टरांनी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बीपी बघितलं आणि म्हणाले, उद्याच परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या. म्हणून आज सकाळी चारठाण्याहून निघालो. जीप मीच चालवत होते. जिंतूरच्या अलीकडं स्टेअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. कशीबशी गॅरेजपर्यंत आणली.

मिस्त्रीनं गाडी तपासायचं मशीन जोडलं आणि सायलेन्सरमधल्या धुराच्या दाबाचा आकडा बघितला. "ताई, प्रेशर लय वाढलंय."

मागं बसलेल्या अण्णांचा हात छातीवर गेला. मी घाईनं म्हणाले, "अण्णा, तुमचं न्हाई, सायलेन्सरचं!"

मग मिस्त्रीनं इंजिन बंद केलं, नुसती चावी चालू ठेवली. आकडा तेवढाच! तो हसायला लागला. "बंद गाडीत धूरच न्हाई, तर प्रेशर कुठून येईल? सेन्सरच खोटं बोलायलाय, म्हणून गाडीनं उगंच जोर कमी केला. गाडीला कायबी झालं न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मग डॉक्टरचं मशीनबी खोटंच बोललं असंल. चल घरी."

मी हातापाया पडले, त्यांनी ऐकलंच न्हाई. अर्ध्या वाटेतून परत आलो.

आता ते ओसरीवर झोपलेत. मी समोर बसून लिहायलेय आणि दर ओळीला त्यांची छाती हलतेय का बघायलेय. उठले की काय सांगून नेऊ? लवकर सुचवा कुणीतरी.

गाडी बंद करून खरं-खोटं कळलं. अण्णांचं कसं कळणार?